काजूच्या बागेत डुकराची पिल्लं: कप्पा कधी आणि कसा बदलायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोडामार्ग तालुक्यात दीड एकर काजूची बाग आहे, दिवाळीनंतर सहा पिल्लं आणायची आहेत, बागेचे कप्पे करून ती फिरवायची आहेत. दर आठ दिवसांनी कप्पा बदलावा असं तुम्ही वाचलंत. तेवढं पुरेल का, आणि डुकरं काजूची झाडं मारतात हे शेजाऱ्यांचं म्हणणं खरं का?

शेजारी खोटं बोलत नाहीत. चुकीच्या जागी जास्त दिवस राहिलेली डुकरं काजू मारतात. काजूची अन्न घेणारी मुळं वरच्या थरात पसरलेली असतात आणि डुक्कर नाकाने नेमका तोच थर उकरतं. वर खोडाला अंग घासून साल सोलवटतं. उघडी पडलेली मुळं आणि खोडाच्या बुंध्याशी झालेली जखम म्हणजे खोडकिड्याला आमंत्रण, आणि खोडकिडा आत गेला की झाड वाचवणं किती अवघड असतं ते तुम्हाला माहीत असेलच. म्हणून चार-पाच वर्षांखालची कलमं असतील तिथे पिल्लं सोडूच नका. मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवती चिऱ्यांचा किंवा दगडांचा गुडघाभर गडगा घाला, बुंध्यापासून दोन-अडीच फूट सोडून. एका गुंठ्यात मोठी झाडं दोनच येतात, त्यामुळे हे काम वाटतं तेवढं मोठं नाही. नाकात तार घालून उकरणं बंद करायची पद्धत आहे, पण मी ती वापरत नाही. उकरणं हे त्या जनावराचं जगणं आहे. ते थांबवण्यापेक्षा त्याला वेळेवर पुढे न्यावं.

आठ दिवसांच्या नियमाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कॅलेंडर बघून डुकरं हलवू नयेत, जमीन बघून हलवावीत. रोज संध्याकाळी कप्प्यातून एक फेरी मारा. एक तृतीयांश माती उघडी दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी हलवायचं. एखादं मूळ उघडं दिसलं तर त्याच दिवशी. दहा-बारा किलोच्या सहा पिल्लांना एक गुंठा सुरुवातीला आठ-नऊ दिवस जातो. तीच पिल्लं पस्तीस-चाळीस किलोची झाली की तो गुंठा तीन दिवसांत नांगरल्यासारखा करतात. तेव्हा दोन-अडीच गुंठ्यांचा कप्पा लागतो आणि तोही पाच-सात दिवसच पुरतो. आणखी एक खूण आहे. डुक्कर स्वच्छ जनावर आहे. जागा पुरेशी असेल तर ते हगायला एक कोपरा ठरवतं, बहुतेक वेळा पाण्याजवळचा ओलसर. तो कोपरा पसरत बसायच्या जागेपर्यंत आला, की कप्पा संपला असं समजा. म्हणून पाण्याचा ड्रम बसायच्या जागेच्या उलट टोकाला ठेवतात.

आता कोकणातली खरी अडचण सांगतो. परदेशी माहितीत लिहिलेलं असतं की कप्प्याला दोन महिने विश्रांती द्या, गवत परत येतं. आपल्याकडे दिवाळीनंतर उकरलेल्या जांभ्याच्या मातीत पुढचा पाऊस पडेपर्यंत काहीही उगवत नाही. म्हणजे नोव्हेंबर ते मे या काळात एक कप्पा एकदाच वापरायचा, परत फिरून यायचं नाही. तुमच्या साठ गुंठ्यांचा हिशेब असा बसतो: पहिले दहा आठवडे आठवड्याला एक गुंठा, म्हणजे दहा. पुढचे सोळा आठवडे आठवड्याला दोन, म्हणजे बत्तीस. उरलेले अठरा गुंठे कलमांसाठी, वाटेसाठी आणि चुकांसाठी. सहा पिल्लं बसतात, दहा बसणार नाहीत. कोणी आग्रह केला तरी दहा आणू नका.

आणि जूनमध्ये डुकरं उतारावर नकोत. उकरलेल्या उतारावर मिरगाचा पहिला पाऊस पडला की लाल माती ओहोळात जाते, ती कोणी परत आणून देत नाही. मी दिवाळीनंतर आणतो आणि मेअखेर विकतो. दोन महिन्यांचं संकरित पिल्लू तोवर नीट खाऊ घातलं तर साठ ते ऐंशी किलोचं होतं. राहिली तर पावसाळाभर पक्क्या छपराखाली, भुशाच्या जाड थरावर.

पिल्लं कुठली घ्यायची? गोव्याची स्वतःची अगोंदा गोवन ही काळी जात आहे, राष्ट्रीय पातळीवर नोंदलेली. काटक, उन्हाला न डरणारी, पण वाढ सावकाश. पांढरं लार्ज व्हाईट यॉर्कशायर वेगाने वाढतं, पण त्याची कातडी उन्हाने भाजते. बागेसाठी मला या दोघांचा संकर सगळ्यात बरा वाटतो. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत वराहपालनावर काम चालतं, एकदा जाऊन बघून या. आठवडी बाजारातून मात्र पिल्लू घेऊ नका. एकाच घरातून, आई डोळ्यांनी बघून, आठ आठवड्यांची, स्वतः खायला लागलेली पिल्लं घ्या. नर पिल्लांची खच्ची विकणाऱ्याकडेच, लहानपणी झालेली असावी. ते काम तीन-चार आठवड्यांच्या वयात सोपं जातं, नंतर त्रासाचं होतं.

आणताना पहाटे निघा. आदल्या रात्री पोटभर खायला घालू नका, पाणी मात्र द्या. टेंपोत पेंढा पसरा. पाय बांधून टाकायची जुनी रीत आहे, ती सोडा. बांधलेलं पिल्लू घाबरून तापतं, आणि डुकराला घाम येत नसल्यामुळे तो ताप उतरत नाही. डुकराचं अंग मुळात ३९ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे भर दुपारी पत्र्याच्या टेंपोत ते जीव सोडू शकतं.

घरी आल्यावर पहिला आठवडा गोठ्यातच. लगेच बागेत सोडलंत तर संध्याकाळपर्यंत ती कुठच्या कुठे निघून गेलेली असतील. पिल्लाला आधी तीन गोष्टी कळायला हव्यात: खाणं कुठून येतं, रात्री कुठे झोपायचं आणि तार म्हणजे काय. खाणं देताना रोज एकच डबा वाजवा, एकच हाक द्या. घरातल्या सगळ्यांनी तीच हाक द्यायची. पुढे सहा महिने तो डबा तुमचं दावं आहे.

तारेचं शिक्षण गोठ्यालगतच्या छोट्या अंगणात द्यायचं. बाहेरून पक्की जाळी किंवा गडगा, त्याच्या आत दीड फुटावर झटका मशीनची, म्हणजे विजेचा हलका झटका देणाऱ्या यंत्राची, तार. हे बाहेरचं कुंपण का? कारण झटका बसला की न शिकलेलं पिल्लू मागे जात नाही, किंचाळत पुढे उसळतं. मोकळ्या बागेत पहिला झटका बसला तर ते तारेतून पलीकडे जातं आणि मग परत यायला घाबरतं. पुढे जाळी असली की ते पुढे जाऊ शकत नाही, मागे वळतं, आणि मागे वळलं की दुखत नाही हे शिकतं. दोन-तीन दिवसांत सगळी शिकतात. खालची तार जमिनीपासून सहा इंचांवर, दुसरी चौदा इंचांवर, मोठी झाल्यावर दोन फुटांवर तिसरी. तार नाकाच्या उंचीला हवी, कारण डुक्कर जग नाकाने तपासतं.

मशीन चांगल्या बनावटीचं, बॅटरीवर किंवा सोलरवर चालणारं घ्या. घरातली वीज थेट तारेला जोडायची नाही, कधीच नाही. रानडुकरांसाठी असं करणाऱ्यांनी माणसं मारली आहेत आणि तो गुन्हा आहे.

फेब्रुवारीनंतर एक तक्रार हमखास येते: मशीन चालू आहे, टकटक ऐकू येते, पण डुकरं तार ओलांडतात. मशीन बिघडलेलं नसतं, अर्थिंग गेलेलं असतं. सुका जांभा वीज नीट वाहू देत नाही. न्हाणीचं पाणी जिथे माडाच्या आळ्यात जातं, तिथे तीन लोखंडी सळ्या तीन-तीन मीटरवर खोल ठोका. ती जागा बारमाही ओली असते. आणि डुकराच्या पायाखालची मातीही सुकी असते, म्हणून तारेखाली जमिनीलगत एक उघडी तार टाकून ती अर्थिंगला जोडा. माझी दोन वर्षं हे न कळल्यामुळे गेली.

आता हलवण्याबद्दल. इथे नवीन माणूस हमखास फसतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षी मी कप्प्याच्या एका बाजूची तार सोडली, पलीकडे हिरवागार नवा कप्पा, डबा वाजवला. पिल्लं धावत आली आणि जिथे काल तार होती त्या रेषेवर थांबली. तार नव्हती. तरी एकानेही पाऊल टाकलं नाही. दोन तास ती तिथे उभी राहून ओरडत होती. डुकराच्या डोक्यात तार जमिनीवर आखलेली असते, ती काढली तरी पुसत नाही. ऊन वाढलं, माझा धीर सुटला, मी आणि भावाने मागून ढकलायला सुरुवात केली. दोन पिल्लं आमच्या पायांमधून उलटी पळाली, मागच्या बाजूची तार तोडून शेजाऱ्यांच्या कुळथात शिरली. कुळीथ फुलोऱ्यात होता. पिल्लं दिवेलागणीला मिळाली. नुकसान मी भरून दिलं, पण त्या माणसाच्या वर्षाच्या कुळथाचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर मी पद्धत बदलली. तार सोडून वाट करायची नाही. बांबूचं एक हलकं बेडं, म्हणजे कुंपणातलं फाटक, बनवायचं, तीन-साडेतीन फूट रुंद, आणि ते पहिल्या दिवसापासून, शिक्षणाच्या अंगणातही, लावून ठेवायचं. पिल्लं रोज त्या बेड्यातूनच आत-बाहेर करतात आणि त्यांना पक्कं कळतं की बेडं आहे तिथे झटका नाही. कप्पा बदलताना तेच बेडं उचलून दोन कप्प्यांच्या मध्ये आणायचं, शक्यतो एक दिवस आधी, म्हणजे ती वास घेऊन, घासून ओळख करून घेतात. उघडताना जुन्या तारेच्या रेषेवर त्यांच्याच झोपायच्या जागेतला पेंढा पसरायचा. स्वतःचा वास असलेल्या पेंढ्यावर पिल्लू बिनधास्त पाय ठेवतं. मग पलीकडे जाऊन डबा वाजवा आणि थोडं खाणं बेड्यापासून चार पावलांवर टाका. एक धीट असतं, ते जातं. बाकीची त्याच्यामागे जातात.

वेळ सकाळची, सात-साडेसातची, खाणं देण्याआधीची. उपाशी पिल्लू ऐकतं. संध्याकाळी गारवा असतो हे खरं, पण संध्याकाळी काही चुकलं तर काळोखात शोधावं लागतं, आणि तुमच्या भागात बिबट्या आहे.

एखादं अडून बसलं तर कान, शेपूट ओढू नका, गळ्यात दोरी घालू नका. डुकराला ओढलं की ते उलट्या दिशेने जोर लावतं. अडीच फूट बाय दोन फूट प्लायवूडचा तुकडा घ्या, वर हात घालायला भोक पाडा. तो पायाशी धरून पिल्लाच्या खांद्याच्या मागे उभं राहायचं आणि हळूहळू पुढे यायचं. समोर भिंत दिसली की डुक्कर वळतं, मोकळं दिसेल तिकडे जातं. तुम्ही त्याच्या नाकासमोर उभे राहिलात तर ते थांबणारच, कारण तुम्हीच भिंत झालात. मधे दोरीचा तुकडा, चमकणारी बादली, काळोखी सावली असली तरी थांबतं. आधी ती वस्तू बाजूला करा. आणि ओरडू नका.

रात्री मात्र बागेत ठेवू नका. काही जण हलकं खोपटं कप्प्याबरोबर हलवतात, जिथे जंगल लांब आहे तिथे ते चालतं. तुमच्याकडे बागेच्या मध्यावर चिऱ्यांचा एक गोठा बांधा, वरून जाळी, दार भक्कम. तिथून कप्प्यांकडे जाणारी पाणंद काढा. पिल्लं रोज सकाळी जातात, संध्याकाळी येतात. रोजच्या ये-जा करण्याने ती इतकी हातातली होतात की मेमध्ये टेंपोत चढवताना जड जात नाही. तिलारीच्या बाजूला हत्तींचा वावर असेल तर गोठ्याजवळ फणस-केळी साठवू नका.

बागेत सोडली म्हणजे खाण्याचा खर्च वाचला, हा गैरसमज काढून टाका. डुक्कर गाईसारखं रवंथ करत नाही, गवतावर पिल्लू वाढत नाही. बाग त्याला हालचाल, कंद, किडे, मातीतलं लोह देते. पोट तुम्ही भरायचं. मी शंभर किलोला मका भरडा ४५, भाताचा कोंडा २५, शेंगदाणा पेंड २०, सुक्या मासळीची कुटी ८, खनिज मिश्रण दीड आणि मीठ अर्धा किलो घेतो. मासळी खारवलेली असेल तर मीठ घालत नाही. पेंडीला बुरशीचा वास आला तर ती फेकून द्या, ती बुरशी पिल्लाचं यकृत खराब करते. बारा किलोच्या पिल्लाला दिवसाला सहाशे ग्रॅम, चाळीस किलोच्याला दीड किलोच्या वर, दोन वेळांत विभागून.

काजूच्या हंगामात नियम सरळ आहे: बिया वेचून झाल्याशिवाय त्या झाडाखाली डुक्कर नाही. बी तुमचं उत्पन्न आहे, शिवाय कच्च्या बीच्या टरफलातलं तेल तोंड भाजतं. बी पिळून काढा आणि बोंडं टोपलीने कप्प्यात न्या. आवडीने खातात. पण ताजीच द्या, दिवसाच्या खाण्याच्या पाव हिश्श्यावर देऊ नका. आंबलेल्या बोंडांनी हगवण लागते. आणि रानमोडी हे तण डुकरं खात नाहीत, ती आधी तुम्हालाच काढावी लागेल.

पाण्याबाबत हयगय नको. लहानाला दिवसाला दोन-तीन लिटर, मोठ्याला आठ-दहा. मार्चमध्ये उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी चहासारखं तापतं आणि पिल्लं ते पीत नाहीत. दिवसभर तहानलेल्या डुकराला खाण्यातलं साधं मीठही बाधतं, झटके येऊन मरतं. ड्रम आणि पाइप दोन्ही सावलीत ठेवा. झाडांपासून दूर फूटभर खोल खड्डा करून चिखल करून द्या, तो चैनीसाठी नाही, अंग थंड ठेवण्यासाठी आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला कप्पा करू नका.

रोगांचं मोजकंच सांगतो. पिल्लं आणल्यावर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन स्वाइन फीवरची लस आणि जंताचं औषध ठरवून घ्या. गोल जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, एका उन्हाळ्याने मरत नाहीत. म्हणून जंताचं औषध दर दोनेक महिन्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि शक्य असेल तर पुढच्या वर्षी याच गुंठ्यांवर पिल्लं नकोत.

आफ्रिकन स्वाइन फीवर वेगळा. भारतात तो २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात पहिल्यांदा आढळला. त्यावर उपचार नाही. माणसाला तो होत नाही, पण गोठा रिकामा करतो. त्याचा विषाणू डुकराच्या मांसात, खारवलेल्या चोरिसांत (गोव्याकडच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजमध्ये) सुद्धा महिनोन्महिने टिकतो. म्हणून हॉटेलचं उरलेलं अन्न पिल्लांना घालू नका, कितीही फुकट मिळालं तरी. घरात चोरिस शिजले असतील तर ती खरकटी ताटं त्यांच्यापर्यंत जाता कामा नयेत. दुसऱ्याच्या गोठ्यातून आलेला माणूस चप्पल बदलून आत येईल. रानडुकरं तारेपर्यंत येत असतील तर बाहेरून दुसरं कुंपण लागेल.

आणि एक गोष्ट लोक संकोचाने बोलत नाहीत, ती मी बोलतो. डुकरामुळे माणसाच्या मेंदूत जंत जातात ही भीती खरी आहे, पण ते चक्र माणसाच्या विष्ठेतून फिरतं. फीतकृमी झालेल्या माणसाची विष्ठा डुकराच्या तोंडी गेली की डुक्कर बाधित होतं, आणि मेंदूत जंत करणारी अंडी त्याच माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांतून पसरतात. काजू वेचायला येणाऱ्या बायकांसाठी, गड्यांसाठी बागेत शौचालय आणि हात धुवायला साबण-पाणी आधी करा, पिल्लं नंतर आणा. हे करायची तयारी नसेल तर डुकरं मोकळी पाळू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

वापरून झालेल्या कप्प्यात दाताळं फिरवून खड्डे सारखे करा, काजूचा पालापाचोळा परत पसरा. मेच्या शेवटी तिथे ताग किंवा चवळी फेका. पहिल्या पावसात ती उगवते आणि उकरलेली माती धरून ठेवते. बेडं, तारा, खुंट्या पाऊस यायच्या आत गोठ्यात नेऊन टांगा. बांबू भिजला की दुसऱ्या वर्षी मोडतो, आणि ओळखीचं बेडं नसलं की नव्या पिल्लांना पहिल्या दिवसापासून शिकवायचं साधनच तुमच्याकडे उरत नाही.